अपघातानंतरचा पहिला दूरध्वनी

समजा, कोल्हापूरजवळच्या एखाद्या औद्योगिक वसाहतीत दोन भावांची फाउंड्री आहे. वडिलांनी लहानशा शेडमध्ये सुरू केलेले ओतकाम मुलांनी वाढवले आणि आज तेथे साठ माणसे दोन पाळ्यांत राबतात. निम्मी कारखान्याच्या हजेरीपटावर आहेत, निम्मी कंत्राटदाराने आणलेली. पावसाळ्यातील एका रात्री उघड्यावर भिजलेले भंगार तसेच भट्टीत टाकले जाते. वितळलेल्या लोखंडाखाली सापडलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि तप्त रस भट्टीबाहेर उसळतो. दोन कामगार जागीच दगावतात, चौघे गंभीर भाजतात. रात्री दोनच्या सुमारास थोरल्या भावाच्या उशाशी फोन वाजतो.

हा प्रसंग कल्पित असला, तरी ज्यांच्या घरात कारखाना आहे त्यांना तो परका वाटणार नाही. अशा वेळी मालकाच्या मनात एकाच क्षणी अनेक विचारांची गर्दी होते. जखमींचे काय, पोलीस येतील का, अटक होईल का, कारखाना बंद पडेल का, बँकेचे हप्ते कसे भरायचे? पुष्कळदा रुग्णवाहिकेच्या पाठोपाठ, क्वचित तिच्याही आधी, ओळखीच्या वकिलांना फोन जातो आणि पहिला प्रश्न विचारला जातो, “यातून आपण सुटू ना?”

प्रश्न मानवी आहे. त्याबद्दल कोणाला दोष देण्याचे कारण नाही. वकिलाचा सल्ला घेणे हा प्रत्येक नागरिकाचा आणि प्रत्येक कंपनीचा हक्क आहे, त्यात अपराधाची कबुली नसते. परंतु दुर्घटनेनंतरचे कायदेशीर साहाय्य म्हणजे सुटकेची वाट शोधणे, ही समजूत मात्र चुकीची आहे. गेल्या काही दशकांत न्यायालयांनी दिलेले निर्णय आणि संसदेने केलेले कायदे पाहिले, तर असे दिसते की जबाबदारी टाळण्यासाठी खर्ची पडलेला काळ शेवटी मालकालाच महाग पडतो, आणि त्याआधी तो मृतांच्या कुटुंबीयांना महाग पडलेला असतो. जबाबदारी वेळेवर आणि योग्य रीतीने कशी उचलावी हे सांगणारा वकीलच अशा वेळी खरा उपयोगी ठरतो.

पहिले चोवीस तास

जखमींना रुग्णालयात पोहोचवणे, वीज व इंधनाचा पुरवठा तोडणे, अग्निशामक दलाला बोलावणे आणि आत आणखी कोणी अडकले आहे काय याची हजेरीपटावरून खात्री करणे, ही कामे सर्वांत आधी. यांतील कशासाठीही वकिलाच्या परवानगीची वाट पाहायची नसते. त्यानंतर पोलीस आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय यांना तत्काळ सूचना द्यावी लागते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने हे बंधन घातले होते. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि तिनेही हे बंधन कायम ठेवले आहे. बॉयलरचा अपघात असेल, तर बाष्पके विभागालाही वेगळे कळवावे लागते. सूचना उशिरा देणे हा मूळ अपघाताहून निराळा दोष ठरतो आणि ‘काहीतरी लपवायचे होते’ असा संशय कायमचा चिकटतो.

वकिलाचे खरे काम येथून सुरू होते. घटनास्थळ जसेच्या तसे राहू द्यावे, हा त्याचा पहिला सल्ला असला पाहिजे. जीव वाचवण्यासाठी जेवढे हलवावे लागेल तेवढेच हलवावे. भट्टीचे तापमान नोंदणारे यंत्र, कॅमेऱ्यांचे चित्रीकरण, देखभालीच्या नोंदी, भंगार स्वीकारल्याच्या पावत्या, सुरक्षा-प्रशिक्षणाची पत्रके हे सारे जपून एका ठिकाणी ठेवावे आणि त्याची यादी करावी.

नेमका याच वेळी मोह उत्पन्न होतो. प्रशिक्षणाची नोंदवही गेल्या सहा महिन्यांपासून कोरी असते. कोणीतरी जुना कारकून हळूच सुचवतो, “रात्रीत भरून टाकू, मागच्या तारखा घालू.” कॅमेऱ्याचे चित्रीकरण ‘बिघडवून’ ठेवण्याचा सल्लाही कोणी देतो. चांगला वकील या दोन्ही गोष्टी तेथेच थांबवतो. पुरावा नाहीसा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. निष्काळजीपणाच्या आरोपाला उत्तर देता येते. खोट्या नोंदीला मात्र उत्तर नसते, कारण ती प्रमादातून घडलेली नसते, ती जाणूनबुजून केलेली असते.

मौन आणि असत्य यांतील भेदही मालकाने आणि त्याच्या अधिकाऱ्यांनी समजून घ्यावा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) नुसार कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड करण्याची सक्ती वकिलावर करता येत नाही. ही दोन्ही संरक्षणे मोलाची आहेत. परंतु बेकायदेशीर हेतू तडीस नेण्यासाठी वकिलाशी केलेल्या बोलण्याला हे संरक्षण मिळत नाही. गप्प राहण्याचा हक्क आहे, खोटे बोलण्याचा नाही, एवढे सूत्र लक्षात ठेवले तरी पुरे.

अंगठा नव्हे, हक्क

अपघातानंतरच्या दोन-तीन दिवसांत आणखी एक दृश्य अनेक ठिकाणी दिसते. परगावाहून आलेला मृताचा भाऊ किंवा वृद्ध वडील कारखान्याच्या दारात बसलेले असतात. कंत्राटदार मध्यस्थी करतो. काही रोख रक्कम दिली जाते आणि ‘आमची कोणतीही तक्रार उरली नाही’ अशा मजकुराच्या कागदावर सही किंवा अंगठा घेतला जातो. मालकाला वाटते, प्रकरण मिटले.

कायद्याच्या दृष्टीने ते मिटलेले नसते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच ठरवून टाकले होते की मृत्यूच्या प्रकरणातील भरपाई मालकाने थेट वारसांच्या हाती न देता आयुक्तांकडे जमा करावी. परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची आगाऊ मदत तेवढी वारसांना देता येते. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार निरर्थक मानला जातो. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला आहे आणि आयुक्तांच्या जागी सक्षम प्राधिकारी आला आहे. हेतू मात्र तोच, की दुःखाने खचलेल्या आणि कायदा न जाणणाऱ्या माणसाचा हक्क कोणी स्वस्तात विकत घेऊ नये.

भरपाईचा हिशेबही मालकाच्या मर्जीवर नसतो. मृत्यूच्या प्रकरणात मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम घेऊन ती कामगाराच्या वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायची असते. २०२० च्या अधिसूचनेनुसार यासाठी वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये धरली गेली. कामगार तीस वर्षांचा असेल, तर गुणक २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये. ही रक्कम देय होते ती अपघाताच्या दिवशीच. न्यायालयाचा निकाल लागेल त्या दिवसाची वाट पाहायची नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या अखेरीस दिलेल्या आणि १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रतापनारायण सिंह देव प्रकरणात हे स्पष्ट केले. एक महिन्यात पैसे जमा झाले नाहीत, तर बारा टक्के व्याज लागते आणि योग्य कारण नसेल, तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही होऊ शकतो. वरील उदाहरणात एका वर्षाचा विलंब झाला, तर व्याजाचे १,८७,१८२ रुपये आणि दंडाचे सुमारे ७,८०,००० रुपये एवढा भार वाढू शकतो. विमा असला, तरी दंडाची रक्कम विमा कंपनीकडून वसूल होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले आहे. ती मालकाच्याच खिशातून जाते.

“त्याने हेल्मेट घातले नव्हते”, “सांगूनही ऐकत नसे” अशी कारणे मालकाच्या बाजूने हमखास पुढे येतात. कामगार मरण पावला असेल किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला असेल, तर या कारणांवरून भरपाई नाकारता येत नाही. जाणूनबुजून सुरक्षा-साधन बाजूला सारल्याचा बचाव कायद्याने केवळ त्याहून कमी गंभीर इजांपुरता ठेवला आहे. तसेच “तो आमचा नव्हे, कंत्राटदाराचा माणूस” हे उत्तरही पुरत नाही. कारखान्याच्या नेहमीच्या कामासाठी कंत्राटदाराकडून आणलेल्या माणसाची भरपाई मूळ मालकालाच द्यावी लागते. मग ती कंत्राटदाराकडून वसूल करायची की नाही, हा त्या दोघांतील प्रश्न.

कामगार राज्य विमा योजनेत नोंदलेल्या माणसांची गोष्ट निराळी. तेथे वारसांना वेतनाच्या नव्वद टक्क्यांच्या हिशेबाने दरमहा लाभ मिळतो आणि मालकावर वेगळ्या भरपाईचा बोजा येत नाही. म्हणजे दरमहा थोडी वर्गणी वाचवण्यासाठी ज्याने कामगारांची नोंदणी टाळली, त्याने दुर्घटनेच्या दिवशी स्वतःचेच छत्र काढून घेतलेले असते.

कोणाचा वकील?

दुर्घटनेनंतर फौजदारी कारवाई कोणावर होते? कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती असली, तरी तुरुंगात कंपनी जात नाही, माणसे जातात. कारखान्याच्या कायद्याने ‘भोगवटादार’ नावाची एक व्यक्ती जबाबदार धरली आहे. कंपनीच्या बाबतीत ती व्यक्ती संचालकांपैकीच एक असली पाहिजे. एखाद्या पगारी व्यवस्थापकाला भोगवटादार म्हणून नेमून संचालकांनी मोकळे होण्याचा प्रयत्न १९९६ च्या जे. के. इंडस्ट्रीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केला. नफ्याचा निर्णय जो घेतो, सुरक्षेच्या खर्चाचा निर्णयही त्याच्याच हाती असतो. त्यामुळे उत्तरही त्यानेच द्यावे, हा त्यामागील सरळ न्याय आहे. २०२० च्या संहितेने स्वतंत्र संचालकांना यातून वगळले आहे, पण तत्त्व तेच ठेवले आहे. कर्तव्यात कसूर झाल्याने मृत्यू घडला, तर या संहितेखाली दोन वर्षांपर्यंत कारावास, किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडाचा निदान अर्धा भाग पीडित व्यक्तीला किंवा तिच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. याशिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या दंडसंहितेत हीच मर्यादा दोन वर्षांची होती.

याचा अर्थ प्रत्येक आरोप सिद्ध होतो असा नाही, आणि येथेच प्रामाणिक बचावाला जागा आहे. मुंबईतील एका रंग-वार्निशच्या कारखान्यात आग लागून सात कामगार मृत्युमुखी पडले. परवाना नसताना तेथे अग्नीचा वापर होत होता. तरीही १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने व्यवस्थापक-भागीदाराला मृत्यूस कारण झाल्याच्या आरोपातून मुक्त केले, कारण मृत्यू हा त्याच्याच कृतीचा थेट परिणाम असल्याचे सिद्ध झाले नाही. अग्नीबाबत हयगय केल्याची त्याची शिक्षा मात्र कायम राहिली. कोणती चूक कोणाची आणि तिचा मृत्यूशी संबंध किती जवळचा, हे न्यायालय बारकाईने तपासते. हा बारकावा न्यायालयापुढे नीट मांडणे हे वकिलाचे रास्त काम आहे. त्यासाठी खोटेपणाची गरज पडत नाही.

आणखी एक गोष्ट कुटुंबाच्या मालकीच्या कारखान्यांत सहसा ध्यानात येत नाही. कंपनी, संचालक, व्यवस्थापक आणि पाळीवरचा सुपरवायझर या सर्वांचे हित एकच असते असे नाही. संचालक म्हणतात, ओले भंगार न वापरण्याची सूचना दिली होती. सुपरवायझर म्हणतो, सुके भंगार ठेवायला छप्पर मागितले होते, ते मिळाले नाही. एकच वकील दोघांची बाजू कशी मांडणार? बहुतेक वेळा कंपनीने दिलेला वकील खालच्या माणसाला गप्प बसवतो आणि शेवटी सारा दोष त्या अठरा-वीस हजार पगाराच्या माणसावर येऊन पडतो. हित भिन्न असेल तेथे वकील भिन्न असावा आणि त्याचा खर्च शक्य तर कंपनीने उचलावा, हे न्यायाचेही आहे आणि शहाणपणाचेही. एकटा पडलेला सुपरवायझर उद्या न्यायालयात सर्व काही सांगणारच असतो.

भोपाळ : सुटकेची लांबलेली वाट

कायदेशीर साहाय्याच्या दोन निराळ्या वाटा कोठे जातात, हे भारताने एका वर्षाच्या अंतराने घडलेल्या दोन घटनांत पाहिले आहे.

२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर जगातील नामांकित वकिलांनी कंपनीची बाजू लढवली. खटला अमेरिकेत चालावा की भारतात, येथपासून वाद सुरू झाला. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मे १९८६ मध्ये तो भारताकडे पाठवला. मूळ कंपनी आणि भारतीय कंपनी वेगळ्या आहेत, कोणा असंतुष्ट कामगाराने टाकीत मुद्दाम पाणी सोडले, असे बचाव पुढे आले. भारत सरकारने सुमारे ३३० कोटी डॉलरची मागणी केली होती. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

त्या तडजोडीत फौजदारी खटले मागे घेण्याचीही तरतूद होती. देशभर संताप उसळला आणि ३ ऑक्टोबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पैशाची तडजोड कायम ठेवली, पण फौजदारी खटले पुन्हा जिवंत केले. भरपाई दिल्याने फौजदारी जबाबदारी संपत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला. पुढे १९९६ मध्ये आरोपाचे स्वरूप सौम्य झाले आणि ७ जून २०१० रोजी, म्हणजे घटनेनंतर पंचवीस वर्षांहून अधिक काळाने, हयात असलेल्या सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली गेली. त्यांना लगेच जामीनही मिळाला. अधिक भरपाईसाठी सरकारने केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला.

वकिली डावपेचांच्या मापाने कोणी याला यश म्हणेल. पण त्या यशात कोणाचे भले झाले? वायुग्रस्तांच्या दुसऱ्या पिढीपर्यंत दुखणी पोहोचली. आरोपी अधिकारी उमेदीपासून वार्धक्यापर्यंत ‘आरोपी’ म्हणूनच जगले. कंपनीचे नाव जगभर एका दुर्घटनेचे नाव होऊन बसले.

दिल्ली : अटींवर उघडलेले दार

भोपाळला एक वर्ष पूर्ण होते न होते तोच, ४ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीतील श्रीराम फूड अँड फर्टिलायझर या उद्योगाच्या प्रकल्पातून ओलियम वायू सुटला. अनेकांना बाधा झाली, आणि तीस हजारी न्यायालयात वकिली करणारे एक गृहस्थ त्यामुळे मरण पावल्याचे न्यायालयाला सांगण्यात आले. ६ डिसेंबरला पुन्हा लहानशी गळती झाली. कारखाना बंद करण्याचे आदेश निघाले. प्रकल्प घातक आहे म्हणून कायमचा बंद करावा, तर सुमारे चार हजार कामगार बेकार होणार. चालू द्यावा, तर दाट वस्तीतील लोकांच्या जिवाला धोका. अशा पेचात प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे होते.

१७ फेब्रुवारी १९८६ रोजी न्यायालयाने क्लोरीन प्रकल्प तात्पुरता सुरू करण्यास परवानगी दिली, पण कडक अटींवर. प्रत्येक सुरक्षा-साधनासाठी एकेक नावानिशी जबाबदार माणूस नेमायचा. क्लोरीनचे परिणाम आणि त्यावरचे उपचार सांगणारे फलक इंग्रजी व हिंदीत लावायचे. गळती झाल्यास परिसराला सावध करण्यासाठी ध्वनिक्षेपक बसवायचे. कामगारांच्या प्रतिनिधींची सुरक्षा समिती स्थापायची. बाधितांच्या भरपाईसाठी वीस लाख रुपये न्यायालयात जमा करायचे आणि पुढे क्लोरीनची गळती झालीच तर पंधरा लाखांची बँक हमी द्यायची. वरिष्ठ पदाधिकाऱ्यांनी व्यक्तिशः जबाबदारीची हमी लिहून द्यावी, अशीही अट होती. ती पुढील महिन्यात काहीशी सौम्य करण्यात आली.

त्यानंतर २० डिसेंबर १९८६ रोजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने आपला प्रसिद्ध निर्णय दिला. इंग्लंडमधील १८६८ च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर खटल्यापासून चालत आलेल्या नियमात दैवी आपत्ती, त्रयस्थाचे कृत्य असे अनेक अपवाद होते. घातक उद्योगांना हे अपवाद मिळणार नाहीत, असे घटनापीठाने सांगितले. धोक्याचा व्यवसाय करून नफा मिळवणाऱ्याने त्या धोक्यातून झालेली हानी भरून दिलीच पाहिजे, मग त्याने काळजी घेतलेली असो वा नसो. उद्योग जितका मोठा व समर्थ, तितकी भरपाईही मोठी. या तत्त्वाला ‘निरपवाद दायित्व’ म्हटले जाते. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने घातक पदार्थ हाताळणाऱ्या उद्योगांवर विम्याची सक्ती केली, तीही याच काळाची देणगी.

दिल्लीच्या त्या अटी पुन्हा एकदा वाचाव्यात. त्यात शोधून काढण्यासारखे, महागड्या तज्ज्ञानेच सांगावे असे फारसे काही नाही. जबाबदार माणसाचे नाव, समजेल अशा भाषेतील फलक, धोक्याचा इशारा, कामगारांचे म्हणणे ऐकणारी समिती, आणि भरपाईसाठी आधीच बाजूला काढलेले पैसे. न्यायालयाला हे दुर्घटनेनंतर बजावून सांगावे लागले. एखादा शहाणा सल्लागार हेच दुर्घटनेपूर्वी सांगेल, आणि ते राहून गेले असेल, तर दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी सांगेल.

त्या दोन भावांकडे परतताना

फाउंड्रीच्या त्या रात्री थोरल्या भावाने वकिलांना फोन केलाच असेल, तर त्यांनी काय सांगावे? प्रथम रुग्णालयात जा आणि भाजलेल्या चौघांच्या उपचारांचा खर्च कारखाना करील असे लेखी द्या. पोलिसांना आणि संचालनालयाला आताच कळवा. भट्टीला हात लावू नका, नोंदवहीला तर मुळीच नाही. विमा कंपनीला सकाळीच सूचना पाठवा. मृतांपैकी कोणाची राज्य विमा योजनेत नोंद आहे ते पाहा. ज्याची नोंद नाही, त्याच्या भरपाईचा हिशेब करून एका महिन्याच्या आत ती रक्कम प्राधिकाऱ्याकडे जमा करा, मग तो कंत्राटदाराचा असला तरी. घरच्यांना भेटा, पण त्यांच्याकडून कोणत्याही कागदावर सही घेऊ नका. सुपरवायझरला वेगळा वकील द्या. विचारले जाईल तेथे जे खरे आहे ते सांगा, जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणा. आणि भट्टी पुन्हा पेटवण्यापूर्वी भंगारासाठी छप्पर घाला.

एवढे करूनही गुन्हा दाखल होईल. चौकशी होईल. कदाचित अटकही होईल आणि जामिनासाठी न्यायालयात उभे राहावे लागेल. प्रामाणिकपणा म्हणजे कायद्यापासून सुटका नव्हे. परंतु ज्या दिवशी खटला उभा राहील, त्या दिवशी न्यायालयापुढे दोन गोष्टी असतील. एक, भंगार भिजू दिल्याची चूक. ती खरीच आहे आणि तिचा जाब द्यावा लागेल. दुसरी, त्या चुकीनंतरची वागणूक. पहिली गोष्ट त्या रात्रीच घडून गेली. दुसरी अद्याप भावांच्या हातात आहे.

आणि न्यायालयाच्या बाहेर, एखाद्या दूरच्या गावात, त्या कामगाराची पत्नी मुलांची शाळा सुरू ठेवू शकेल की नाही, हेही त्या दुसऱ्या गोष्टीवरच अवलंबून आहे. पैसे एका महिन्यात जमा झाले, तर मुले जूनमध्ये शाळेत जातील. खटला लढवत दहा वर्षे काढली, तर तोवर ती मुले कोठेतरी दुसऱ्याच भट्टीवर राबू लागलेली असतील.